गिअर कोणी आवळलं

दादा, तुला जाऊन एकवीस दिवस झाले. घरी येणारा प्रत्येक माणूस मला सांगतो की तुझा भाऊ देवमाणूस होता. मी मान हलवते आणि चहाचा कप पुढे करते. देवमाणूस वगैरे तू काही नव्हतास. हट्टी होतास, आतल्या गाठीचा होतास, आणि दुसऱ्याच्या वतीने परस्पर ठरवून टाकायची तुला भयंकर खोड होती. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची रीत आहे, पण ती ज्यांचं भांडण मिटलंय त्यांनी पाळावी. आपलं मिटलं नव्हतं.

आपलं भांडण एका गिअरवरून होतं हे सांगितलं तर लोक हसतील. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, नरखेड तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बागेत, पहाटे, अकरा माणसांसमोर मी तुला म्हटलं की माउंट तू बिघडवलंस. मी नीट लावून दिलेलं गिअर माझ्यामागे उघडलंस आणि आवळून ठेवलंस. तू म्हणालास, "मी हात नाही लावला, नंदे." मी म्हटलं, "खोटं नोको बोलू." एवढंच झालं. त्यानंतर तीन भाऊबीजा गेल्या आणि तिन्हींना मी आले नाही. पहिल्या वर्षी तू फोन केलास, तो मी कापला. वहिनींनी करंज्यांचा डबा पाठवला, तो मी रिकामा परत केला, आत साखरेचा एक दाणाही न टाकता. मला माझा राग नीट निगा राखून ठेवता येतो, हे तुला माहीत होतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं समजावून सांगावं लागेल, तोवर तू गप्प बस. मधे मधे बोलायची तुझी सवय आता तरी गेली असेल.

दुर्बीण ज्या स्टँडवर बसते त्याला माउंट म्हणतात. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकत राहतात, आणि माउंटमधली मोटर दुर्बिणीला त्यांच्या मागे मागे नेते. मोटरच्या टोकाला एक जाड स्क्रूसारखा दांडा असतो, त्याला वर्म म्हणतात, आणि त्याचे आटे एका पितळी चाकाच्या दात्यांत बसतात. दोघांमधे जागा उरली की त्याला आम्ही वर्कशॉपवाले प्ले म्हणतो. जुन्या सायकलचं पेडल जरा मागे नेऊन पुन्हा पुढे मारलं की आधी थोडं फुकट फिरतं, तसंच हे. आता फोटो काढताना एक छोटा कॅमेरा एकाच ताऱ्यावर नजर ठेवून असतो. तारा जागचा हलला की तो मोटरला सांगतो, थोडं मागे घे, थोडं पुढे घे. याला गाइडिंग म्हणायचं. प्ले जास्त असला की मोटर फिरते पण चाक हलत नाही, कॅमेरा पुन्हा सांगतो, मोटर आणखी फिरते, आणि मग चाक एकदम उडी घेतं. फोटोत ताऱ्याच्या ठिपक्याऐवजी अळी उमटते. दादाकडे अशा अळ्यांचे फोटो शेकड्याने होते.

तू कॉलेजात फिजिक्स शिकवायचास, म्हणून सगळं मंडळ तुला सर म्हणायचं. मंडळ म्हणजे नागपुरातली आकाश पाहणारी पंधरा-वीस माणसं. मी आयटीआयमधे फिटर ट्रेड शिकवते. मंडळात माझी ओळख तू कायम एकाच पद्धतीने करून द्यायचास, की ही माझी बहीण, हिचा हात फार साफ आहे. हाताच्या वर माझं डोकं आहे, हे तुझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. लोक माझ्याकडे त्यांची माउंटं आणू लागले. शनिवार-रविवारी तांडापेठेतल्या आपल्या जुन्या घरात, जिथे बाबांचा हातमाग होता त्या खोलीत, मी टेबल टाकून ती उघडायची. ते काम मला आवडत होतं आणि अजून आवडतं. त्याबद्दल तुझे आभार मानायला हवेत, ते मी मानते. पण पुढचं ऐकूनच घे.

दहावीनंतर मला पॉलिटेक्निकला जायचं होतं. मार्क होते. बाबा मागावर बसले होते, तू त्यांच्या शेजारी उभा होतास, मी दाराआड. तू त्यांना सांगितलंस की तिला ते झेपणार नाही, नापास झाली तर मोडून जाईल. मला विचारलं नाहीस. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि मोडून जाणं म्हणजे काय असतं हे मला माहीतही नव्हतं. आणि त्याच आठवड्यात तू मला सायकलवर डबलसीट घेऊन आयटीआयला गेलास. खिडकीवरचा माणूस म्हणाला की मुलींनी शिवणकाम घ्यावं. तू त्याच्याशी असा भांडलास की आतून प्रिन्सिपॉल बाहेर आले. दोन दिवस तू त्या रांगेत उभा राहिलास आणि फिटर ट्रेडला वर्गातली एकुलती एक मुलगी म्हणून मला बसवूनच घरी आलास. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. पस्तीस वर्षं मी ठरवू शकले नाही की या माणसाच्या पाया पडावं की त्याला घराबाहेर काढावं.

शिवाय तुझ्या हाताला हत्यार लागलं की त्याचं नशीब फुटलंच म्हणायचं. बाबांचा रेडिओ तू उघडलास, तो परत कधी बोलला नाही. केसाची जाडी मोजणारा माझा मायक्रोमीटर, जो मी पहिल्या पगारातून घेतला आणि मऊ कापडात गुंडाळून ठेवायची, त्याच्यात तू पाइप पकडून घासत बसला होतास. मायक्रोमीटरचा कोणी पकड म्हणून वापर करतो का? मी रडले तेव्हा तू म्हणालास, "इतकं काय वं त्यात." म्हणून बागेत त्या पहाटे माझी खात्री होती. ज्या माणसाने मायक्रोमीटर सोडला नाही तो गिअर कशाला सोडेल?

आता त्या मे महिन्याचं सांगते. बागेतल्या पहाटेच्या आधीचा उन्हाळा. पुढच्या जानेवारीत एक धूमकेतू पहाटे दिसणार होता, जो परत यायचा तेव्हा आपल्यापैकी कोणी असणार नव्हतं. तू दोन वर्षं त्याच्या मागे होतास. सीताबर्डीवरून केबली आणल्यास, पुण्याहून जुनं माउंट आणलंस, रोज संध्याकाळी वहिनींना जेवण झाकून ठेवायला लावून गच्चीवर जायचास. पण लॅपटॉपवरचा गाइडिंगचा आलेख काही सरळ होत नव्हता. प्ले होता. तू मला फोनवर फोन केलेस. मला सलग सुट्टी मे महिन्यातच मिळते, म्हणून मी मे महिन्यातच आले.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, चालू होता. नागपुरात राहणाऱ्याला त्याबद्दल काही सांगायला नको. तुझी गच्चीवरची खोली पत्र्याची, दुपारचे दोन, पाना इतका तापलेला की मी ओढणीच्या टोकाने धरला होता. कूलर खालच्या मजल्यावर आणि आपण दोघं वर. तू म्हणालास, "आता नोको करू, नंदे. सकाळी करजो. धातू सगळा फुगला आहे."

मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "मले शिकवू नोको. चोवीस वर्षं झाली मी हेच करून राहिली."

माझी एक पद्धत आहे. वर्म आणि चाकाच्या मधे पतंगाच्या कागदाची पट्टी घालायची, वर्म चाकावर दाबून स्क्रू आवळायचे आणि मग चाक फिरवून कागद बाहेर काढायचा. कागदाएवढी जागा आपोआप राहते. ना जास्त, ना कमी. फट मोजायच्या फिलर गेजची पाती दात्यांच्या वळणात नीट बसत नाही, पतंगाचा कागद बसतो. आयटीआयच्या पुस्तकात हे नाही, मी माझं शोधलेलं आहे. त्या दुपारी मी तसंच केलं. मग तू वाकून चाक हाताने हलवून पाहिलंस आणि म्हणालास की थोडा वाटतोच आहे अजून. तेव्हा मी त्यातला एक स्क्रू सैल केला, वर्म अंगठ्याने पुढे रेटला आणि तुझं तोंड बंद व्हावं एवढं आणखी आवळलं. तू हसलास. मी खाली जाऊन माठातलं तीन ग्लास पाणी प्यायले.

पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात तुझे फोटो पहिल्यांदा ठिपक्यासारखे आले. तू माझ्या शाळेत, म्हणजे आयटीआयमधे, भर तासाला फोन केलास आणि म्हणालास की आलेख सपाट आला, अगदी सपाट. तुझा आवाज लहान मुलासारखा झाला होता. त्या फोनवर मी खूश झाले होते, हे आत्ता कबूल करते. तेव्हा मी तुला नुसतं "बरं" म्हटलं होतं.

आणि मग जानेवारी. बागेचे मालक मंडळातलेच होते. गारठा असा होता की विहिरीवरच्या पंपाच्या हँडलला हात लावताना बोटं आखडत होती. तू सगळ्यांना आधीपासून सांगून ठेवलं होतंस की कोणी टॉर्च लावायची नाही, शेकोटी दूर पेटवायची. धूमकेतू झाडांच्या वर आला. पहिली पाच मिनिटं सगळं ठीक चाललं. मग मोटरने घर्र आवाज केला, पुन्हा केला आणि ती गप्प झाली. लॅपटॉपवरचा तारा कॅमेऱ्यातून बाहेर गेला. तू मोटर बंद करून चालू केलीस, वायरी काढून घातल्यास, शेवटी दुर्बिणीला हाताने रेटायला लागलास. चाक जाम होतं. पूर्व उजळेपर्यंत आपण एकही फोटो काढू शकलो नाही. आणखी दोन दिवसांत तो धूमकेतू सूर्याच्या उजेडात बुडाला.

तुझा चेहरा मी त्या उजेडात पाहिला आणि मला वाटलं की आता हा माझ्याकडे बघेल. अकरा माणसं माझ्याकडे बघतील. कारण ते गिअर मी लावलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तू काही म्हणायच्या आधीच मी म्हणून टाकलं. तू म्हणालास की हात नाही लावला, आणि नंतर एकदा हळू आवाजात म्हणालास, "कव्हर खोलून पाह्य ना एकदा." मी पाहिलं नाही. नरखेडपर्यंत कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून गेले आणि पहिली एसटी पकडली.

तू एकदाच म्हणालास, दादा. चहात साखर कमी पडली तर चार वेळा सांगणारा माणूस तू. हे एकदाच सांगून का थांबलास?

तुझ्या शेवटच्या तीन दिवसांबद्दलही मला तुझ्याशी भांडायचं आहे. छातीत दुखून तू धंतोलीतल्या दवाखान्यात भरती झालास आणि वहिनींना सांगितलंस की नंदाला कळवू नका, तिच्या मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा चालू आहे. परीक्षा माझी नव्हती, माझ्या विद्यार्थ्यांची होती. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी तुझं न ऐकता फोन केला. मी ऑटोत होते तेव्हाच तू गेलास. मला काय झेपेल आणि काय नाही, हे तू तिथे नळ्या लावलेल्या अवस्थेतही ठरवत होतास. मी वर आले तेव्हा वहिनी बाकावर बसल्या होत्या आणि तुझा चष्मा त्यांच्या हातात होता. मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं हे खरं आहे. पण न बोलता तुझ्या शेजारी बसायला मी आले असते.

तेरवी झाल्यावर वहिनी म्हणाल्या की ते माउंट घेऊन जा, तुमच्यासाठीच ठेवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गच्चीवर गेले. थंडी चांगलीच होती. माउंटवर तुझी जुनी लुंगी पांघरलेली, वर बोटभर धूळ. खरं सांगते, मी शोक करायला गेले नव्हते. मी पुरावा शोधायला गेले होते. तू स्क्रूचं डोकं खराब केलेलं असणार, तुझी ती नेहमीची सवय, भलत्याच मापाचा पाना लावायची. ते पाहिलं की मी तुझ्या फोटोसमोर उभी राहून काय काय म्हणणार हे मी जिन्यातच जुळवून ठेवलं होतं.

कव्हर काढलं. काम पुरं झालं की मी स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूवर नेलपेंटची एक रेघ ओढते. स्क्रू कोणी जरासाही फिरवला तर ती रेघ तुटते आणि सरकते. मी हे मुलांनाही शिकवते. मे महिन्यातल्या त्या दुपारी तुझ्या देखत मी वहिनींची लाल नेलपेंट वापरली होती, आणि नंतरच्या भांडणात मला तिची आठवणही राहिली नव्हती. चारही स्क्रूंवर रेघ होती. सरळ, अखंड. केसाएवढीही कुठे तुटली नव्हती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, मग मोबाइलचा उजेड लावून पाहिलं, मग खाली बसले.

चाक हाताने फिरवून पाहिलं तर जाम. तीन वर्षांपूर्वी जसं होतं तसंच. दुपारी ते उन्हात ठेवलं, वरून वहिनींची शेकायची पिशवी गुंडाळली, तासाभराने ते लोण्यासारखं फिरायला लागलं. माउंटचा सांगाडा अॅल्युमिनियमचा आणि चाक पितळेचं. उन्हाळ्यात अॅल्युमिनियम जास्त फुगतं, हिवाळ्यात जास्त आकसतं. नवतप्यात पत्र्याखाली जे कागदाएवढं मोकळं होतं, आणि त्यातूनही मी तुझ्या नाकावर टिच्चून जे कमी केलं होतं, ते बागेतल्या थंडीत उरलंच नाही. सांगाड्याने वर्मला चाकात दाबून धरलं. हे अकरावीचं फिजिक्स आहे. तू मला ते त्या दुपारी चार शब्दांत सांगितलं होतंस.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं की दादाने हे कधी उघडलं नाही का. त्या म्हणाल्या की कधीच नाही. खोली अडते, विकून टाका म्हणून त्या मागे लागल्या होत्या. तू म्हणायचास, "नंदा येईल. तीच उघडेल."

म्हणजे तुला माहीत होतं. बागेतून परत येताना गाडीतच तुझ्या लक्षात आलं असेल. चार स्क्रू पाव फेरा सैल करायला पाच मिनिटं लागतात, एवढं तुझ्यासारख्या माणसालाही जमलं असतं. पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात तू फोटो काढू शकला असतास. पण सैल केलं असतं तर रेघ तुटली असती, आणि मग मी म्हटलेलं खरं झालं असतं. म्हणून तू तीन वर्षं जाम झालेलं माउंट लुंगीखाली झाकून ठेवलंस आणि मी येण्याची वाट पाहत बसलास. दादा, अशी वाट कोणी बघतं का? माझं घर तुझ्या घरापासून ऑटोने वीस मिनिटांवर आहे. यायचं होतंस, दारात उभं राहायचं होतंस, ओरडायचं होतंस. मी ओरडून बोललेलं नेहमी ऐकलं आहे. न बोललेलं मला कधीच ऐकू येत नाही, आणि हे तुझ्याइतकं कोणालाही माहीत नव्हतं.

आणि तू गप्प राहिलास त्याने काय झालं तेही ऐक. मी स्वतःला बरोबर समजत राहिले. पुढच्या तिन्ही उन्हाळ्यांत मी लोकांची माउंटं अशीच भर दुपारी लावली. अमरावतीच्या एका शिक्षकांचं माउंट डिसेंबरात अडकलं, त्यांनी बिचाऱ्यांनी फोन केला, आणि मी त्यांना खडसावून त्यांचा पॉवर सप्लाय बदलायला लावला. मुलांना मी वर्गात सांगत राहिले की पतंगाचा कागद वापरा, काही होत नाही. मी चुकले होते आणि माझी चूक मला कोणी दिलीच नाही. फिटरला त्याची चूक दाखवत नाहीत तर मग काय दाखवतात? पंधराव्या वर्षी तू ठरवलंस की मी नापास झाले तर मोडेन. पन्नाशीतही तेच ठरवलंस. मी मोडले नसते, दादा. मला फार राग आला असता, मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नसते, आणि नवव्या दिवशी सकाळी सातला पाना घेऊन आले असते.

त्याच दिवशी संध्याकाळी मी स्क्रू सैल केले, थिनरने जुना रंग पुसला, थंडीत गिअर पुन्हा लावलं. आता ते दोन्ही ऋतूंत चालेल. थोडा प्ले राहील, तो राहू द्यायचा असतो.

मागच्या रविवारी मंडळाने तुझी शोकसभा ठेवली. शाळेचा हॉल, तुझा हार घातलेला फोटो, त्यात तू नेहमीसारखा कॅमेऱ्याकडे न बघता वर बघत असलेला. बागेतल्या अकरांपैकी नऊ जण आले होते. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. नवतपा, पतंगाचा कागद, नेलपेंटची रेघ, शेकायची पिशवी. म्हटलं की तुमच्यासमोर मी त्याला खोटारडा म्हटलं होतं, तर तुमच्यासमोरच सांगते की तो खरं बोलत होता.

मग मंडळाचे सचिव उठले, वयस्कर गृहस्थ आहेत, बँकेतून रिटायर झालेले. ते फार मायेने म्हणाले, "ताई, सरांनी आम्हाला त्याच आठवड्यात सांगतलं होतं. मीच आवळलं, नंदाचा हात साफ आहे, माउंट तिच्याकडेच देत जा."

मी म्हटलं की हे खोटं आहे. त्यांनी मान हलवली, जशी आपण दुःखातल्या माणसासमोर हलवतो. बागेचे मालक म्हणाले की हो, मलाही बोलले होते, दोनदा बोलले. मी रेघेबद्दल पुन्हा सांगितलं. कोणीतरी विचारलं की फोटो काढला होता का. नव्हता काढला. मी रेघ पुसून काम करून टाकलं होतं, कारण बिघडलेलं समोर दिसलं की मी ते आधी दुरुस्त करते. शेजारच्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की सगळ्या बहिणींचं मन एवढं मोठं नसतं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तो हॉल पेटवून द्यावासा वाटला.

काय करून ठेवलंस हे. माझ्या तोंडावर खरं बोललास आणि माझ्या पाठीमागे खोटं. माझ्यासाठी म्हणून स्वतःचं नाव खराब केलंस आणि ते मला साफ करता येणार नाही याचीही सोय करून गेलास. आता मी जितकं खरं सांगेन तितकी मी चांगली बहीण ठरते. तू गेल्यापासून मी रडले नव्हते. त्या रात्री घरी येऊन भांडी घासताना रडले, आणि तेही तुझ्यावर चिडूनच.

म्हणून मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार ओळी मागितल्या तेव्हा मी हे लिहायला घेतलं. सचिवांना सांगितलंय की एक शब्द कापायचा नाही. गिअर मी आवळलं. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या खोलीत, दादा नको म्हणत असताना. अमरावतीच्या सरांनी आपलं माउंट माझ्याकडे परत पाठवावं, त्यांचा पॉवर सप्लाय चांगला होता. दादाने गिअरला हात लावला नव्हता. नंतर तुम्हा सगळ्यांना त्याने जे सांगितलं ते खोटं होतं, आणि ज्याला हे अजूनही बहिणीचं प्रेम वाटतंय त्याने घरी येऊन माझ्याशी भांडावं. भांडायला आता माझ्याकडे दुसरं कोणी नाही.